भिंतीवरचं खुरपं

भिंतीवर काय टांगावं याला काही धरबंध असतो की नाही? घड्याळ टांगावं, कॅलेंडर टांगावं, गेलेल्या माणसांचे फोटो टांगावेत. पण हयात असलेल्या बाईचं रोजच्या वापरातलं खुरपं भिंतीला स्क्रू मारून बसवलेलं कुणी ऐकलंय? खुरपेकाकूंच्या घरी हे घडलं, आणि केलं कुणी, तर पोटच्या पोरानं.

खुरपे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. संध्याकाळी कधीही डोकावा, बाईच्या हातात खुरपं, म्हणून गल्लीनं नाव ठेवलं खुरपेकाकू. इस्त्रीवाला तर कपड्यांच्या गठ्ठ्यावर सरळ 'खुरपे' असंच लिहायचा. काकूंनीही कधी हटकलं नाही. म्हणायच्या, "लाटणेकाकू म्हणत नाहीत हे काय कमी आहे?"

तर काकू गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेऊन लेकीकडे राहायला गेल्या होत्या. लेक नर्स, त्यामुळे औषधपाणी, व्यायाम सगळं तिच्या नजरेखाली व्हावं असं ठरलं. तिथे काकू खिडकीतून समोरची सिमेंटची भिंत बघत बसायच्या आणि रोज सुनेला फोन करायच्या. "लिंबाला पाणी घातलंस का? गुलाबाला जास्त नको घालू हं, मुळं कुजतील. आणि त्या जुन्या खोक्यात माती भरून टोमॅटोचं बी टाक. मी येईपर्यंत रोपं लावायला होतील." सून 'हो आई, हो आई' म्हणायची. सून मुळातच कमी बोलणारी. तिच्या 'हो'मधून काही कळायचं नाही.

दोन महिन्यांनी काकू हातात काठी घेऊन घरी परतल्या. उंबरा ओलांडला आणि पाय जागच्या जागी थबकले.

समोरच्या भिंतीवर, जिथे पूर्वी साधा आरसा होता, तिथे एक भलीमोठी लाकडी फळी ठोकलेली. फळीवर कुदळ आणि फावडं एकमेकांवर तिरकी बसवलेली, एखाद्या राजाच्या दिवाणखान्यात तलवारी असाव्यात तशी. झारीच्या तोंडात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचलेली. छाटणीची कात्री आ वासून फळीला खिळलेली. घमेल्याच्या आत आकडे चिकटवून, मधोमध काटे बसवून त्याचं चक्क घड्याळ केलेलं, आणि ते टिकटिक चालत होतं. सगळ्यांच्या मध्ये खुरपं. सगळ्यांवर चकचकीत वार्निश. वर पिवळा दिवा आणि खाली पितळेची पाटी: 'आईचे कष्ट'.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "मी गेले की काय?"

मुलगा आतून हसत हसत आला. तो एका मोठ्या ऑफिसात अधिकारी होता आणि काकू रागावल्या की त्याला साहेब म्हणत. "सरप्राइज! कशी वाटली भिंत? खास डेकोरेटर बोलावला होता आई. फोटोत बघितलं होतं मी, तेव्हाच ठरवलं की आईची आठवण अशी जपायची."

"आठवण? अरे, मी दारात उभी आहे!"

काकूंचा राग आधी सुनेवरच निघाला. निघायचाच. घरात काही बिनसलं की सासूची नजर आधी कुठे जाते हे काय सांगायला हवं? "आणि तू गं? फोनवर नुसतं हो आई, हो आई! इकडे माझी हत्यारं भिंतीला लटकली तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?" सून पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, पेला काकूंच्या हातात दिला आणि आत निघून गेली. काकूंना वाटलं, बघा, कशी गेली तोंड फिरवून.

आता ही हत्यारं म्हणजे काय होती, ते सांगितल्याशिवाय हा राग कळायचा नाही.

काकू शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करायच्या. दिवसभर खाली मान घालून शर्टामागून शर्ट. एक संपला की दुसरा पुढ्यात. मुकादम बाई पाठीशी उभी, बोलायची सोय नाही, मान वर करायची सोय नाही. घरी आल्यावरही बोटं आपोआप चिमटीत काहीतरी धरल्यासारखी वळलेली असायची. नवरा बसगाड्यांच्या दुरुस्तीखान्यात फिटर. दोघांनी मिळून गल्लीच्या टोकाचं हे छोटं घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणात बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला राडारोडा होता. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, गंजके खिळे, तुटकी कौलं. सगळे म्हणाले, वरून कोबा करून टाका, कटकट मिटेल. काकूंनी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं आणि कोपऱ्यातली वीतभर जागा उकरायला बसल्या.

उलथनं वाकलं. काकूंच्या सासूबाई कडाडल्या, "आता सुना उलथन्यानं माती परतायला लागल्या का? उद्या कढईत गुलाब लावशील!" पण काकूंना त्या दिवशी काय झालं होतं ते त्यांनाच ठाऊक. दिवसभर दुसऱ्याच्या शर्टाला बटण लावणारी बोटं पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं काहीतरी करत होती. रागवायचं तेवढं रागवा म्हणावं, असं मनात म्हणून त्या उकरतच राहिल्या.

मग लोहाराकडून खुरपं करून घेतलं. काकू डावखुऱ्या. लोहाराला दहादा बजावलं की पातं माझ्या हाताला वळव. त्यानं वळवलं. नवऱ्यानं त्याला चिवट लाकडाचा दांडा बसवून दिला. वापरून वापरून त्या दांड्यावर डाव्या अंगठ्याची खळी पडली. अंगठा आपोआप त्या खळीत जाऊन बसायचा, डोळे मिटले तरी. याचा एक फायदा असा की शेजारणी उसनं नेलेलं हे खुरपं दुसऱ्याच दिवशी परत आणून द्यायच्या. "तुमचं खुरपं तुमच्यासारखंच हो काकू, कुणाचं ऐकत नाही," असं म्हणून.

राडारोडा काढायला कुदळ आली, मग फावडं. उचलून न्यायला घमेलं. पाण्याला झारी, आणि गुलाब लागल्यावर कात्री. नवऱ्याला झाडापेडांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण लोखंडाची हेळसांड त्याला बघवायची नाही. त्यानं एका बादलीत वाळू भरली, तीत गाड्यांचं काळं जळकं ऑइल ओतलं आणि बायकोला सांगितलं, "काम झालं की हत्यार पुसायचं आणि यात खुपसून ठेवायचं. गंज चढला तर माझ्याशी गाठ आहे." शिवाय अंगणाच्या भिंतीलगत विटांचा कमरेएवढा उंच वाफा बांधून दिला, बायकोची पाठ दुखते म्हणून. पुढे तो वारला. बादली राहिली. काकू रोज संध्याकाळी खुरपं त्या वाळूत खुपसायच्या आणि मगच हात धुवायच्या.

गल्लीत कुणी नव्यानं बाग करायला निघालं की काकूंकडे यायचं. बाजारात मिळणारी रंगीत डब्यातली हत्यारं दाखवायचं, गुलाबी मुठींची. काकूंचा पारा चढायचा. "हे खेळणं आहे, पहिल्या दगडाला वाकेल. खुरपं घे, कुदळ घे, घमेलं, झारी आणि कात्री घे. फावडं शेजाऱ्याचं आण. बाकी सगळे चोचले! आणि ओली कात्री तशीच ठेवलीस ना, तर मला तोंड दाखवू नकोस." बायका हसायच्या, पण ऐकायच्या.

तर अशी ती हत्यारं. आणि ती आता वार्निश पिऊन भिंतीवर बसलेली!

काकू काठी टेकत भिंतीजवळ गेल्या. खुरपं नेमकं हात पोचेल एवढ्या उंचीवर होतं. त्यांनी डावा अंगठा दांड्यावर ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"इथे खळी होती. कुठे गेली?"

"अगं, दांडा खराब झाला होता तिथे," मुलगा कौतुकानं म्हणाला. "खड्डा पडला होता. डेकोरेटरनं पुट्टी भरून, घासून कसा गुळगुळीत करून दिलाय बघ. कळतसुद्धा नाही."

"खराब झाला होता? अरे, तो माझा अंगठा होता! इतकी वर्षं घासून घासून पाडलेली जागा ती. कुणाला विचारून बुजवलीत?"

"आई, पण आता कशाला हवंय तुला खुरपं? जन्मभर राबलीस. कारखान्यात राबलीस, घरी येऊन परत मातीत राबलीस. आता बास. आता तू नुसतं बसायचं. मागचं अंगणही मी करून घेतोय. सोमवारी फरशीवाले येतायत. खाली फरशी, वर हिरवं प्लास्टिकचं गवत आणि तुझ्यासाठी झोपाळा. पाणी नको, खत नको, चिखल नको."

"प्लास्टिकचं गवत," काकू म्हणाल्या. त्या तडक मागच्या दाराशी गेल्या.

अंगणात गुडघाभर तण माजलं होतं. लिंबू तगलं होतं, गुलाब तगले होते. आणि मोरीच्या कट्ट्यावर जुन्या खोक्यात टोमॅटोची रोपं उभी होती. सुनेनं बी टाकलं होतं तर! पण रोपं उंच आणि लुकडी झाली होती, एकमेकांच्या अंगावर रेलली होती. दोन-चार दिवसांत वाफ्यात गेली तर जगतील, नाहीतर तिथेच माना टाकतील. आणि सोमवारी तर वाफाच राहणार नव्हता.

रात्रीच्या जेवणाला काकू बसल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. गुडघा चांगला ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला तीनदा सांगितलं की हत्यारं उतरव. तो प्रत्येक वेळी प्रेमानं हसला. प्रेमच होतं हो ते, खोटं नव्हतं. पण समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकायचंच नाही, असलं प्रेम काय चुलीत घालायचंय? "रविवारी आमच्या ऑफिसातले मोठे साहेब बायकोसह येतायत भिंत बघायला," तो म्हणाला. "तेवढं होऊ दे. मग तूच म्हणशील, छान दिसतं."

काकू सुनेवर अजून धुसफुसतच होत्या. दुपारी ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, तेव्हा काकूंनी टोमणा मारला, "बरं झालं ना गं? चिखल नको, सासूचा पसारा नको."

सुनेनं हातातला टॉवेल दोरीवर टाकला. "या इकडे जरा," एवढंच म्हणाली. मोरीच्या मागे, जिथे कुणी जात नाही तिथे, फाटक्या चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. सुनेनं चादर बाजूला केली. काळ्या तेलकट वाळूची बादली. फिटरची बादली.

"डेकोरेटर म्हणाला, ही घाण फेकून द्या. हेही म्हणाले, फेक. मी फेकली म्हणून सांगितलं," सून म्हणाली. "हत्यारांचंही मी यांना सांगितलं होतं, आईंना विचारा म्हणून. म्हणाले, सरप्राइज आहे, तू बोलू नकोस. झारी भिंतीवर गेली, तेव्हापासून रोपांना तांब्यानं पाणी घालतेय."

काकूंनी बादलीच्या काठावरून हात फिरवला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मघाशी बोलले ते माझं चुकलं गं. पण तूही काय मुलखाची मुखदुर्बळ! एवढं होतं पोटात, तर बोलायचं नाही?"

"तुम्ही बोलू देता का कुणाला?" सून म्हणाली. काकूंना हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी पुन्हा राग आला, पण आता तो योग्य माणसावर होता.

रविवारी पाहुणे आले. मोठे साहेब, त्यांची बायको आणि ऑफिसातली आणखी दोन-तीन माणसं. चहा झाला. मुलानं पिवळा दिवा लावला. सगळे भिंतीसमोर उभे राहिले. "वा! काय कल्पना आहे!" मोठ्या साहेबांची बायको म्हणाली. "हे मधलं काय आहे?"

"हे खुरपं," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "यानं माझ्या आईनं आमच्यासाठी कष्ट उपसले. दिवसभर काम करून घरी आली की पुन्हा माती. तिच्या नशिबी विसावाच नव्हता. म्हणून मी ठरवलं, आता तिनं या वस्तूला हात लावायचा नाही."

सगळ्यांनी हळहळून काकूंकडे बघितलं. कुणीतरी च् च् केलं. त्या च् च्नं काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काठी टेकून उठल्या.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "साफ खोटं! विसावा नव्हता काय? अरे, तोच माझा विसावा होता! कष्ट मी कारखान्यात उपसले. बटणं लावून लावून डोळे गेले, मान गेली. ते माझे कष्ट. संध्याकाळी मागच्या दारी जाऊन खुरपं हातात घेतलं की दिवसभरातली पहिली सुखाची घडी यायची. तिथे मुकादम नव्हती, तिथे मला कुणी घाई कर म्हणायचं नाही. माझी मौज होती ती. आणि तू माझी मौज भिंतीला खिळलीस आणि खाली लिहिलंस कष्ट! इतकी वर्षं एका घरात राहिलास, तुला आईचा राबणारा चेहरा आणि हसरा चेहरा वेगळा ओळखता येऊ नये?"

मुलाचा चेहरा उतरला. "आई, पाहुणे आहेत," तो पुटपुटला.

"असू देत. त्यांनाही कळू दे." काकूंनी दांडा धरून ओढला. स्क्रू पक्का होता. ज्या बाईच्या घरात एकेकाळी सगळी हत्यारं होती, तिच्यापाशी आज एक स्क्रू काढायला काही नव्हतं.

तेवढ्यात सून आतून आली. एका हातात स्टूल, एका हातात सासऱ्यांचा जुना स्क्रू ड्रायव्हर. कुणाकडे न बघता तिनं स्टूल भिंतीशी ठेवलं, पदर खोचला आणि वर चढली. आधी खुरपं उतरलं. मग कुदळ, फावडं, कात्री. झारीतली सूर्यफुलं तिनं मोठ्या साहेबांच्या बायकोच्या हातात दिली, दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून. घमेलं काढताना काटे निघेनात, तेव्हा काट्यांसकट खाली घेतलं. शेवटी पितळी पाटी काढून तिनं काकूंच्या हातात ठेवली.

"अगं, तू पण?" मुलगा म्हणाला.

"मी आधीच सांगितलं होतं," सून म्हणाली आणि घमेलं काखोटीला मारून मागच्या दारी गेली.

पाहुण्यांनी लवकरच काढता पाय घेतला. काकू वाफ्याशी खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हटलं होतं, खुर्चीत बसून माती उकरू नका असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दांड्यावर लावलं आणि पुट्टी टोकरायला लागल्या. पांढरा चुरा मांडीवर पडत होता. पुट्टीचा शेवटचा मोठा टवका निघाला. काकूंनी अंगठा खळीत टेकवला. तो बरोबर बसला.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. "मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल," तो म्हणाला. मोठा अधिकारी, पण आवाज शाळेतून मार खाऊन आल्यासारखा. "मी लहानपणी बघायचो ना, तू अंधार पडेपर्यंत इथे मातीत. मला वाटायचं, आमच्यामुळे आईला इतकं करावं लागतं. मी मोठा झालो की हे थांबवणार, असं ठरवलं होतं मी."

काकूंनी मान वर केली. एवढं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मग तेव्हाच विचारायचंस रे, वेड्या," त्या म्हणाल्या. रागातच म्हणाल्या, पण खालच्या आवाजात. "शेजारी येऊन बसायचंस. रोज एकटी असायचे मी इथे. जा, माझ्या ट्रंकेत तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, तो आण."

त्यानं आणला. झाकण उघडलं तर आत बटणं. पांढरी, निळी, करडी, फुटकी, कारखान्यातून नापास होऊन आलेली. त्यांच्याखाली बोथट झालेल्या सुया आणि झिजून भोकं पडलेलं एक अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते.

"या डब्यानं तुझी शाळा झाली," काकू म्हणाल्या. "तुला माझे कष्टच टांगायचे होते ना? हा टांग." आणि पितळी पाटी त्यांनी त्याच्या हातात दिली.

त्यानं ते अंगुस्तान बोटात घालून बघितलं. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि फरशीवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं. फरशीवाला पलीकडून काहीतरी तणतणत होता. "हो हो, माझीच चूक," मुलगा म्हणाला.

"झालं बोलून? मग ती कुदळ घे आणि ते तण काढ. आणि हळू, लिंबाची मुळं आहेत तिकडे."

तण काढता काढता साहेबांच्या तळहाताला फोड आले. सून घमेल्यातून माती आणून वाफ्यात ओतत होती, घमेल्यातले काटे माती खाऊन कधीच बंद पडले होते. काकू एकेक रोप सोडवून डाव्या हातानं लावत होत्या आणि अधूनमधून मुलाच्या कुदळ धरण्याला नावं ठेवत होत्या. उजेड गेल्यावर त्यांनी खुरपं पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"बादलीत खुपस. तुझे बाबा सांगायचे तसं, मुठीपर्यंत."

"बादली तर फेकून दिली ना?" त्यानं बायकोकडे बघितलं. ती मोरीच्या मागे चादर काढायला गेली होती.